पट्टीसाहेबांची चौकट

सोंगही आपणच काढायचं आणि वर त्याचं तिकीटही आपणच काढायचं, ही गोष्ट पट्टीसाहेबांच्या काही केल्या पचनी पडेना. "अगं, तिकीट बघणाऱ्यानं काढायचं असतं, करणाऱ्यानं नव्हे," असं त्यांनी कॅशियरला, म्हणजे त्यांच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीला, परोपरीनं समजावलं. कॅशियरनं मान डोलावली, तिकीट त्यांच्या चष्म्याच्या घरात खोचलं आणि ती चहा प्यायला बसली. उभा जन्म बँकेच्या खिडकीत काढलेली बाई. समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचं आणि करायचं ते आपल्याच मनाचं, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं होतं.

पट्टीसाहेब हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. बांधकाम खात्यात ते ड्राफ्ट्समन होते, म्हणजे लोकांच्या घरांचे नकाशे काढायचे, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्टीलची पट्टी बाळगायचे. निवृत्त झाले, पट्टी मात्र झाली नाही. अजूनही सकाळी पावाचा तुकडा ताटलीत आला की ते पट्टी लावून "हा जाड कापला गेलाय" असं नोंदवतात, आणि वहिनी, म्हणजे त्यांची बायको, दुसऱ्या दिवशी त्याहून जाड कापतात.

तर झालं होतं असं. शहरातल्या धर्मादाय दवाखान्यात रुग्णांना बसायला बाकं नव्हती. लोक जिन्यावर बसायचे, आणि स्ट्रेचर आलं की उठून भिंतीला चिकटायचे. बाकांसाठी पैसे उभे करायला दवाखान्याच्या समितीनं टाउन हॉलमध्ये 'जुना जमाना' नावाची एक संध्याकाळ ठरवली होती. जुन्या काळच्या वेशात यायचं, खायचं, नाचायचं, मदतपेटीत यथाशक्ती टाकायचं. उत्कृष्ट वेशाला बक्षीस.

"आपण चौघं मिळून जायचं," कॅशियर म्हणाली. "मी, तू, चष्मेवाला आणि मास्तर."

मास्तरचं नाव निघताच पट्टीसाहेबांनी पेपर उघडला.

हे चौघं शाळेपासूनचे, एका वर्गातले. चष्मेवाल्याचं अजून चष्म्याचं दुकान होतं आणि संध्याकाळी चौघंही तिथेच बसत. रोज भेटत, पण पट्टीसाहेब मास्तरशी बोलत नसत. कारण एक दार होतं.

मास्तरनं घर बांधलं तेव्हा स्वयंपाकघराचा नकाशा पट्टीसाहेबांनी काढून दिला होता, दोस्तीखात्यात. पुढे पट्टीसाहेब निवृत्त झाले आणि ऑफिसनं निरोप समारंभ केला. मास्तरला वाटलं, आपणही चार शब्द बोलावेत. माणूस गणिताचा, पण व्यासपीठ दिसलं की त्याच्या अंगात यायचं. त्यानं सांगितलं की आमच्या मित्राच्या नकाशाप्रमाणे आमच्या स्वयंपाकघराचं दार उघडलं की धाडकन फ्रीजला आपटतं, त्यामुळे दूध घ्यायचं तर आधी दार लावून आत कोंडून घ्यावं लागतं. हे त्यानं साभिनय करून दाखवलं. टाळ्या काय, शिट्ट्या काय! खात्याचे मोठे साहेब कधी हसत नसत, ते डोळे पुसत होते. पट्टीसाहेब हार गळ्यात घेऊन बसले होते आणि हार काढावा की राहू द्यावा, हे त्यांना कळत नव्हतं.

त्या दिवसापासून अबोला. "चष्मेवाल्या, त्याला सांग, माझ्या पेपरवर कोपर ठेवू नकोस म्हणावं." "चष्मेवाल्या, त्याला सांग, पेपर दुकानाचा आहे म्हणावं." चष्मेवाला बिचारा सुरुवातीला निरोप पोचवायचा. मग नुसता "ऐकलंस ना?" म्हणायचा आणि काच पुसायला घ्यायचा.

आणि या सगळ्यात पट्टीसाहेबांचं दुखणं वेगळंच होतं. नकाशा बरोबर होता हो! नकाशात फ्रीजची जागा होती, दाराची जागा होती, दोघांमध्ये माणूस उभा राहील एवढं अंतर होतं. मास्तरनं नंतर हौसेनं कपाटाएवढा फ्रीज आणला. हे एवढंसं वाक्य पट्टीसाहेबांकडे कधीचं तयार होतं. पण ते ऐकवायचं तर बोलायला हवं, आणि बोलायचं तर आधी मास्तरनं चुकलो म्हणायला हवं. त्यामुळे वाक्य आपलं तसंच पोटात पडून होतं.

"मी येत नाही," पट्टीसाहेब पेपराच्या आडून म्हणाले.

"नको येऊस. जुन्या काळचा ग्रुप फोटो व्हायचं माझ्या मनात होतं. म्हणजे खरीखुरी मोठी चौकट करायची आणि आपण तिच्यात उभं राहायचं, ताठ, चेहरे पाडून. पण मास्तर म्हणालाच होता, पट्टीला चौकट जमायची नाही."

पेपर खाली आला. "असं म्हणाला?"

"म्हणाला बाई. आणि तसंही आता त्याचं बोलणं किती मनावर घ्यायचं? चाललाच आहे तो."

"कुठे?"

"मुलीकडे. घर विकलं त्यानं. तुला कोण सांगणार म्हणा, तुम्ही बोलत नाही. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी आहे."

"परत कधी येणार?"

"घर विकून माणूस सुट्टीला जातो का रे?"

पट्टीसाहेबांनी खिशातली पट्टी काढली, टेबलाची कड मोजली आणि परत ठेवली. मास्तर जाणार, आणि तो फ्रीज, ते दार, ते वाक्य सगळं तसंच राहणार. याचं त्यांना वाईट वाटलं. पण वाईट वाटल्याचं दाखवायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून ते म्हणाले, "उंची काय ठेवायची चौकटीची?"

मग काय विचारता! दुसऱ्या दिवसापासून घरात चौकटीचा संसार सुरू झाला. समोरून, बाजूनं, वरून असे नकाशे निघाले. दाराच्या बाबतीत या वेळी चूक होणं शक्यच नव्हतं. पट्टीसाहेबांनी स्वतःचं दार मोजलं, जिन्याचं वळण मोजलं, टेम्पोचा हौदा मोजला आणि टाउन हॉलच्या पुढच्या दरवाजाला टेप लावून उभे राहिले. तिथल्या पहारेकऱ्यानं विचारलं, दरवाजा काढून नेणार का? पट्टीसाहेबांनी त्याला निवृत्तीचं ओळखपत्र दाखवलं. त्यामुळे त्याचा संशय वाढला एवढंच.

तळमजल्यावरचे वकील जिन्यात गाठून म्हणाले, "चौकट कोणाच्या अंगावर पडली तर जबाबदारी कोणाची, हे आधी कागदावर घ्या." वरच्या मजल्यावरच्या काकूंचं मत पडलं की चौकटीला काच हवीच, नाहीतर फोटोवर धूळ बसते. "काकू, फोटो म्हणजे आम्ही आहोत," पट्टीसाहेबांनी सांगितलं. "मग तर बसेलच," काकू म्हणाल्या.

लाकडाचा प्रश्न पट्टीसाहेबांनी परस्पर सोडवला. वहिनी बाजारातून आल्या तेव्हा पाहुण्यांच्या खोलीतला पलंग डोक्याकडून आणि पायाकडून मोकळा झालेला होता.

"अहो, पलंग!"

"फळ्या चांगल्या वाळलेल्या आहेत. नवीन लाकूड वाकतं."

"आणि पाहुणे आले की त्यांना काय चौकटीत झोपवू?"

"कोण येतंय आपल्याकडे राहायला? इतक्या वर्षांत त्या पलंगावर मास्तरशिवाय झोपलंय कोण?"

पत्ते खेळता खेळता उशीर झाला की मास्तर त्या पलंगावर झोपायचा आणि त्याच्या घोरण्यावरून सकाळी पट्टीसाहेब त्याला बोलायचे. वहिनी पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. जाताना म्हणाल्या, "नीट करा मग. तुटक्या पलंगाची तरी लाज राखा."

चौकट झाली सुरेख. सोनेरी रंग, कोपऱ्यांना वेलबुट्टी, मागे करडं कापड. मग कॅशियर बघायला आली आणि तिनं नवीन खूळ काढलं. जुने फोटो तपकिरी असतात, तेव्हा आपणही तपकिरी हवं. कपडे चहात उकळायचे आणि तोंडाला पावडरीत ड्रिंकिंग चॉकलेट मिसळून लावायचं.

पट्टीसाहेबांचा लग्नातला कोट मोठ्या पातेल्यात चहात बुडाला. वास जिनाभर पसरला आणि वरच्या काकू कप घेऊन खाली आल्या. वकिलांनी सोसायटीच्या नियमांत कपडे शिजवण्याला परवानगी आहे का, ते बघून ठेवलं. पण खरा घोटाळा चष्मेवाल्यानं केला. चौघांत बुटका म्हणून त्याच्या वाट्याला पुढे जमिनीवर बसणारा लहान मुलगा आला होता, अर्धी चड्डी आणि हातात लाकडी घोडा. आधीच त्यावरून त्याचं तोंड वाकडं. त्याला चहा करायला सांगितला आणि त्यानं सवयीनं दूध, साखर घालून केला. चड्डी वाळली ती पापडासारखी कडक, आणि तिच्यामागे घरभर मुंग्यांची रांग.

"दूध कशाला घातलंस?" कॅशियर ओरडली.

"मी कोरा पीत नाही," चष्मेवाला म्हणाला.

कार्यक्रमाच्या दिवशी चौघं टेम्पोत चढले. पट्टीसाहेबांना साखरेचं पथ्य होतं आणि ओठांवर ड्रिंकिंग चॉकलेट. "जीभ बाहेर काढायची नाही," वहिनींनी खिडकीतून बजावलं. मास्तर उंच टोपी घालून चौकटीच्या पलीकडच्या बाजूला उभा होता. त्याच्या मिशा नाटकवाल्याकडून आणल्या होत्या, आणि उजवीपेक्षा डावी लांब होती. पट्टीसाहेबांना ते लगेच दिसलं. एरवी त्यांनी पट्टी लावून सांगितलं असतं.

"चष्मेवाल्या, त्याला सांग, चौकट चांगली झालीय म्हणावं," मास्तर म्हणाला.

चष्मेवाला मुंग्या झटकत होता. "ऐकलंस ना?" तो म्हणाला.

पट्टीसाहेबांनी ऐकलं होतं. पण जमणार नाही म्हणणारा हाच, आणि आता निघायच्या वेळी तोंडदेखलं कौतुक करणाराही हाच! ते रस्त्याकडे बघत राहिले.

टाउन हॉलच्या पुढच्या दरवाजातून चौकट बोटभर जागा राखून आत जाणार होती. पट्टीसाहेबांच्या आयुष्यातला तो क्षण होता. पण दरवाजाच्या आधी एक टेबल होतं आणि टेबलामागे एक बाई.

"वैयक्तिक, जोडी की समूह?"

"समूह. आम्ही फोटो आहोत."

"समूह आत जाऊ शकतो. ही वस्तू नाही जाऊ शकत. वस्तू सजावटीत येते. सजावट मागच्या दारानं."

"ही वस्तू नाही, हा आमचा वेश आहे," पट्टीसाहेब म्हणाले.

"वेश अंगावर असतो."

"अहो, मी हा दरवाजा मोजून..."

"काका, मागे रांग बघा. एक आगगाडी खोळंबलीय."

खरंच, मागे सहा जण आगगाडी होऊन उभे होते आणि इंजिन शिट्टी मारत होतं. बाईनं चौघांच्या छातीवर 'सजावट' असे बिल्ले टोचले आणि मागच्या दाराकडे बोट दाखवलं. एवढा जन्म सरकारी नोकरीत घालवून आपण शेवटी सामानात जमा झालो, हे पट्टीसाहेबांच्या जिव्हारी लागलं. मास्तर काहीतरी बोलेल असं त्यांना वाटलं. पण त्यानं निमूट चौकटीची आपली बाजू उचलली.

मागचं दार पट्टीसाहेबांनी मोजलेलं नव्हतं. ते स्वयंपाकघरात उघडत होतं. चष्मेवाल्यानं लाकडी घोड्यानं ते ढकललं आणि आत धाडकन आवाज झाला.

दार फ्रीजला आपटलं होतं.

चौघंही जागच्या जागी थांबले. कॅशियर आकाशाकडे बघू लागली. चष्मेवाल्यानं घोड्याची शेपटी तोंडात घातली. पट्टीसाहेबांनी डोळे मिटले आणि मास्तरच्या हसण्याची वाट पाहिली.

"हा फ्रीज सरकवून देता का जरा?" मास्तर आतल्या आचाऱ्याला म्हणाला. "चौकट जपून न्यायची आहे." बस, एवढंच.

आचाऱ्यानं कुरकुरत फ्रीज सरकवला. चौकट तिरकी करून, एका कोपऱ्यावर टोमॅटोची चटणी लागून, एकदाची आत आली. पण आत येताच सजावटवाल्या कंत्राटदारानं त्यांना गाठलं. हातात पाना, कानावर पेन्सिल. त्यानं बिल्ले बघितले. "आलात का? उशीर केलात. फोटोची जागा तिकडे, मदतपेटीशेजारी." असं म्हणून त्यानं माणसांकरवी चौकट उभी केली, दोरीनं खांबाला बांधली, खुर्ची मांडली आणि चौघांना आत उभं करून टाकलं. गुडघ्यांचं कारण सांगून खुर्ची कॅशियरनं घेतली. तिच्यामागे पट्टीसाहेब आणि मास्तर, पुढे खाली चष्मेवाला.

"मास्तर, तुझा हात पट्टीच्या खांद्यावर," कॅशियरनं फर्मावलं. "जुन्या फोटोत तसंच असतं."

मास्तरचा हात खांद्यावर आला. नुसता टेकलेला, ओला टॉवेल दोरीवर टाकावा तसा. पट्टीसाहेब अधिकच ताठ झाले.

एक बाई आली आणि समारंभाचे फोटो काढत हिंडणाऱ्या फोटोवाल्या मुलीला म्हणाली, "यांच्यात उभं राहून काढता येतो का?" कॅशियरनं तोंडही न हलवता उत्तर दिलं, "पेटीत टाका आणि या." बाईनं टाकलं. फोटो काढला. तिच्यामागे तिची बहीण आली. मग ती अख्खी आगगाडी आली. मग रांगच लागली. तिकडे स्टेजवरून उत्कृष्ट वेशाच्या स्पर्धेसाठी नावं पुकारायला लागले आणि पट्टीसाहेब पाय उचलणार, तोच कॅशियर दातांतून म्हणाली, "पेटी बघ. एक जरी हलला तरी याद राखा."

पेटी खरंच भरत चालली होती. तेव्हा राहिले उभे. लोकांना ते जिवंत आहेत हे पटेना. एका गृहस्थानं पट्टीसाहेबांच्या छातीवर बोटानं टकटक केलं आणि बायकोला सांगितलं, "पुठ्ठ्याचा आहे." एका बाईनं नाचायला जाताना पर्स त्यांच्या कोपराला अडकवली. चष्मेवाल्याच्या हातात कोणी रिकामी बशी ठेवली, आणि त्याच्या चड्डीची माशांना केव्हाच बातमी लागली होती. शेजारून सँडविचचे ट्रे जात होते. पट्टीसाहेबांनी कुणाचं लक्ष नाही असं बघून वरचा ओठ चाटला. गोड लागला. त्या संध्याकाळी त्यांच्या वाट्याला आलेलं तेवढंच. स्पर्धेचं बक्षीस रेडिओ होऊन आलेल्या एका गृहस्थाला मिळालं. त्याला तर खोका डोक्यावर असल्यामुळे स्टेज सापडत नव्हतं.

रांग काही संपेना. आणि हळूहळू पट्टीसाहेबांच्या ध्यानात आलं की खांद्यावरचा हात जड झालाय. आधी त्यांना वाटलं, मुद्दाम दाबतोय. मग लक्षात आलं, मास्तर एकाच पायावर उभा आहे. त्याचा गुडघा जुना दुखणाईत. शाळेत असताना भिंतीवरून उडी मारताना दुखावलेला. आणि भिंत उंच नाही असं सांगणारे पट्टीसाहेबच होते. त्यांनी आपला पाय थोडा बाजूला रोवला आणि खांदा वर केला. मास्तरचा सगळा भार त्यांच्यावर आला.

थोड्या वेळानं कानाशी आवाज आला. ओठ न हलवता बोलायचं म्हणजे निम्मी अक्षरं गिळावी लागतात. इथे ती पुरी करून दिली आहेत.

"पट्ट्या."

किती दिवसांनी ही हाक ऐकली! पट्टीसाहेब समोर बघत राहिले.

"घर विकलं."

"कळलं," पट्टीसाहेब म्हणाले.

"घेणारा म्हणतो, पहिल्यांदा ते दार काढणार."

ही वेळ होती. वाक्य जिभेवर आलं होतं, चॉकलेटच्या शेजारी. पण पट्टीसाहेबांनी विचारलं ते भलतंच. "मला चौकट जमणार नाही, असं म्हणालास तू?"

"मी? मी कशाला म्हणू? तूच म्हणालास ना, मास्तरच्यानं पाच मिनिटं गप्प उभं राहवणार नाही म्हणून?"

दोघांचे डोळे एकदमच खाली वळले. खुर्चीत बसलेली कॅशियर कॅमेऱ्याकडे इतक्या सरळ नजरेनं बघत होती, की खरा जुना फोटोसुद्धा तेवढा सरळ बघत नसेल.

"मग घेणाऱ्याला काय सांगितलंस?" पट्टीसाहेबांनी विचारलं.

"सांगितलं, मी घरात आहे तोवर दाराला हात लावायचा नाही. आपटलं की तुझी आठवण येते रे. तू बोलत नव्हतास, तेव्हा तेवढंच काय ते ऐकू यायचं."

फोटोवाली मुलगी पुढे आली. रांग संपली होती. "आता तुमचा चौघांचा एक काढते. अगदी स्थिर हं."

चौघं ताठ झाले. मुलीनं कॅमेरा डोळ्याला लावला. पट्टीसाहेबांना वाक्य आठवलं. फ्रीज तू मोठा आणलास, नकाशा बरोबर होता. आता नाही तर कधीच नाही. उद्या सकाळी गाडी. त्यांनी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"जाऊ नकोस रे!"

कॅमेरा वाजला. ज्या गृहस्थानं टकटक केलं होतं, त्याच्या हातातलं सरबत सांडलं.

"हलू नको, फोटो चाललाय," मास्तर म्हणाला. पण त्याची डावी मिशी सुटून चष्मेवाल्याच्या डोक्यावर पडली होती. "तिकीट काढलंय, पट्ट्या."

"कुणी काढायला सांगितलं होतं?"

खांद्यावरचा हात मास्तरनं काढला नाही. कॅशियर डोळे पुसायला लागली आणि तिच्या गालावर चॉकलेटचे ओघळ आले. "आता तरी उठू का?" चष्मेवाल्यानं खालून विचारलं. "चड्डी जमिनीला चिकटलीय."

मास्तर गेलाच. फोटो आणि माणूस यांत हाच फरक, काढलेली तिकिटं माणसाला वापरावी लागतात. पट्टीसाहेब स्टेशनवर गेले, सामानाचा डबा चुकीच्या बाजूला लागतोय म्हणून हमालाशी भांडले आणि घरी येऊन पाहुण्यांचा पलंग पुन्हा जोडायला बसले. सोनेरी फळ्या तशाच लावल्या. वहिनींनी फोटो भिंतीवर टांगला. त्यात एक बाई, एक अर्ध्या मिशीचा गृहस्थ, एक चिडलेला म्हातारा मुलगा आणि आ वासलेले पट्टीसाहेब आहेत. "आयुष्यभर तोंड मिटून बसलात," वहिनी म्हणाल्या, "आणि उघडलंत ते नेमकं फोटोत."

मास्तरचा पोचल्याचा निरोप आला तो कॅशियरकडे. आपण आधी फोन करायचा की त्यानं, या विचारात पट्टीसाहेबांचे बरेच दिवस गेले.

मध्यंतरी दवाखान्याच्या समितीचा माणूस आला. पेटीतून बाकांची सोय झाली होती आणि ती कुठे ठेवायची, हे कोणीतरी जाणत्या माणसानं मोजून द्यायला हवं होतं. पट्टीसाहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. कॉरिडॉर मोजला, बाकांची मापं मागवली, नकाशा केला, समितीनं त्यावर सही केली. बाकं आली त्या दिवशी ते सकाळीच जाऊन उभे राहिले. बाक भिंतीला लागलं. एक बाई बाळाला घेऊन बसली, एक म्हातारे बसले. पट्टीसाहेबांना मोठं समाधान वाटलं आणि कडेला तेही बसले.

इतक्यात ड्रेसिंगच्या खोलीचं दार उघडलं आणि धाडकन बाकाला आपटलं.

"हे बाक इथे कोणी ठेवायला सांगितलं?" आतून नर्सचा आवाज आला. बाळ रडायला लागलं. हाताला बँडेज बांधलेला एक माणूस सरळ पट्टीसाहेबांकडे बघू लागला. त्यांनी हळूच पट्टी काढली आणि बाकाला लावली. मापापेक्षा चांगलं वीतभर लांब आलं होतं.

पट्टीसाहेबांनी फोन काढला.

"पट्ट्या?" पलीकडून मास्तर म्हणाला. "अरे, काय झालं? बरा आहेस ना?"

काय झालं ते सांगायला पट्टीसाहेबांची जीभ रेटेना. तेवढ्यात दार पुन्हा उघडायला लागलं. त्यांनी फोन बाकाच्या टोकाशी नेऊन धरला.

धाड!

पलीकडे मास्तर हसायला लागला. खोकला लागेपर्यंत हसला, निरोप समारंभातसुद्धा लोक एवढे हसले नसतील.

"बाक मोठं पाठवलंय त्यांनी!" पट्टीसाहेब ओरडले. "नकाशात लहान होतं!"

"मग असेलच," मास्तर धापा टाकत म्हणाला. "माझा फ्रीजसुद्धा मीच मोठा आणला होता, पट्ट्या. तुझा नकाशा बरोबर होता."

हेच तर पट्टीसाहेबांना ऐकायचं होतं इतकी वर्षं, आणि आता ऐकलं तर करायचं काय ते कळेना.

"आजोबा, पाय घ्या जरा," नर्सनं दारातून डोकं बाहेर काढून सांगितलं. पट्टीसाहेबांनी पाय आत घेतले, डोळे पुसले आणि फोन पुन्हा बाकाच्या टोकाशी नेला.

"थांब, ठेवू नकोस," ते म्हणाले. "परत उघडतंय. ऐक."